जिजाआत्यांचं सोवळं आणि आमचा खाळकुवा

जिजाआत्या सोवळ्यात असल्या की आमच्या घराचे दोन भाग पडत. एका भागात त्या, देव, शेगडी आणि पुरणाचं पातेलं; दुसऱ्या भागात आम्ही बाकीचे सगळे. मधली रेघ कुणी आखलेली नसे, पण ती कुठून जाते हे रांगत्या पोरापासून जावयापर्यंत सगळ्यांना ठाऊक असे. तरीही चुकून कुणाचा पदर लागे, कुणाचं कोपर घासे. मग आत्या हातातला झारा होता तिथे ठेवत, डोळे मिटत आणि हळू आवाजात म्हणत, "लागला धक्का. काढा पाणी."

त्या ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग डोक्यावरून अंघोळ. नेसलेलं लुगडं तिथल्या तिथे पिळून, खळबळून, पुन्हा पिळून. उंच वलणीवरचं दुसरं लुगडं काठीने उतरवायचं. सणाच्या दिवशी हे किती वेळा होईल याचा नेम नसे. त्यांच्या हाताखाली पोळ्या लाटायला बसलेल्या आम्हा सुनांनाही तोच नियम. माझे मोठे दीर प्रतापराव म्हणायचे, "आपल्या घरात गौरी जेवतात कमी आणि माणसं भिजतात जास्त."

जिजाआत्या म्हणजे माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. त्या भावाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे परत आल्या आणि पुढे सासरे गेल्यावर बडोद्यात पाणीगेटला माडीवरच्या दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. कुरडया, सांडगे, मेतकूट करून मराठी घरांतून विकत. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. तपकीर ओढत, तपकिरीला मात्र सोवळं-ओवळं नव्हतं. एरवी घरच्या कुठल्याही निर्णयात त्यांना कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही. जमीन विकली तेव्हा नाही, आमचं घर बांधलं तेव्हाही नाही. पण त्या सोवळं नेसल्या की सासरेसुद्धा बाजूला सरकून वाट देत. त्यांना घरात जो काही मान होता तो त्या लुगड्याला होता, आणि हे त्यांना माहीत होतं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

आमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोत्रीच्याही पलीकडे, नव्या सोसायटीत. ब्याण्णवच्या सुमाराला आम्ही राहायला गेलो तेव्हा तिकडे रस्ता होता, वीज होती, केबल टीव्हीसुद्धा आला होता. ड्रेनेज मात्र नव्हतं. प्रत्येक घराच्या मागे आपापला खाळकुवा. बडोद्याला सेप्टिक टँक आणि त्याच्या शेजारचा पाणी मुरायचा खड्डा, दोन्हींना मिळून सगळे खाळकुवाच म्हणतात. आम्ही दोघं आणि मुलगी, अशा तिघांसाठी तो पुरेसा होता. पण सासरे गेल्यापासून घराण्याच्या गौरी आमच्याकडे आल्या होत्या, आणि गौरी म्हणजे इंदूरहून प्रतापराव आणि त्यांचं कुटुंब, गावातले चुलत, मावस, शिवाय मुक्कामाला जिजाआत्या.

त्यातून भाद्रपद. जमीन आधीच पावसाने गच्च भरलेली, वरून आमचं पाणी. चौऱ्याण्णव साली गौरी जेवणाच्या दिवशी ऐन पंगतीत मागच्या बाजूने वास आला. मी जाऊन पाहिलं तर खाळकुव्याच्या फरशांच्या फटींतून काळं पाणी वर येऊन अळूच्या वाफ्यात पसरत होतं. त्या वाफ्यापलीकडे, चार हातांवर, आमच्या पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी. ते पाणी टाकीपर्यंत पोचलं नाही, यात आमचं कर्तृत्व काहीच नव्हतं. पाऊस थांबला एवढंच. आणि नंतर थोड्याच दिवसांत सुरतेहून प्लेगच्या बातम्या येऊ लागल्या. नाकाला रुमाल बांधलेले लोक बडोद्याच्या स्टेशनावर उतरताना मी पाहिले. तेव्हापासून घाण पाणी म्हटलं की मी आधी टाकीचं झाकण तपासून येई.

पंचाण्णवच्या गौरींना माझी अस्मिता बाळंतपणासाठी घरी होती. बारसं होऊन बाळाचं नाव सोहम ठेवलं होतं. बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला, खिडकी नेमकी त्या टाकीवर उघडणारी. सोसायटीत दोन घरी कावीळ झालेली. अस्मिता अशक्त होती, बाळ वजनाला कमी होतं. मी पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून देत होते. अस्मिता म्हणायची, "आई, अजून थोडं उकळलंस तर पातेलंच विरघळेल." मला हसू येत नव्हतं. खाळकुवा या वर्षीही भरून वाहिला आणि ते पाणी टाकीत उतरलं तर? एवढा एकच विचार माझ्या डोक्यात असे.

गौरी बसण्याच्या चार दिवस आधी ह्यांनी खाळकुवा उपसायला टँकर बोलावला. तो आला आणि सोसायटीच्या तोंडाशीच थांबला. टेलिफोनच्या केबलसाठी रस्ता खणून ठेवला होता. ड्रायव्हर खाली उतरून चिखलाकडे बघत म्हणाला, "साहेब, गाडी फसली तर तिलाच उपसावं लागेल." तो गेला.

त्याच दुपारी आत्या पाणीगेटहून रिक्षाने आल्या. मांडीवर त्यांची काठी आणि लुगड्यांचं बोचकं. चहा घेताना मी कुणाला तरी सांगायचं म्हणून त्यांना टँकरचं सांगितलं. त्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "सुभाष, मला एक सांग. एवढा मोठा हौद बांधलास, तो तीन दिवसांत भरतो कसा? माणसं तर वर्षभर राहतात."

हे रिफायनरीत इंजिनिअर. समजावून सांगायची त्यांना हौस. म्हणाले, "भरण्याचा प्रश्न नाही, आत्या. तो कायम भरलेलाच असतो. घाण तळाशी बसते, वरचं निवळलेलं पाणी हळूहळू शेजारच्या खड्ड्यात जातं आणि जमिनीत मुरतं. पण एकदम बादल्यांवर बादल्या ओतल्या की तळाचं सगळं ढवळतं. मग गाळच खड्ड्यात जातो, खड्ड्याची भोकं बुजतात, आणि पावसात जमीन तशीही पाणी घेत नाही. मग ते वर येतं."

आत्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे कुरडयांच्या चिकासारखं."

"काय?"

"अरे, गहू वाटून चीक पाण्यात ठेवतो ना रात्रभर. चीक तळाशी बसतो, वरचं पाणी नितळ. ते पाणी अलगद ओतायचं. कुणी घाईने पातेलं हलवलं की झालं, सगळं एक. पुन्हा बसायला दुसरा दिवस उजाडतो."

"अगदी तसंच."

"मग हलवतं कोण तुझं पातेलं?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सणाला माणसं वाढतात, आत्या. भांडी, कपडे, अंघोळी..."

"कुणाच्या अंघोळी?"

मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मीच मध्ये पडले. "आत्या, मी असं करते, अस्मिताची आणि बाळाची अंघोळ तीन दिवस बंद ठेवते. नुसतं अंग पुसून घेते. बाळंतिणीला किती पाणी लागतं तुम्हाला माहीत आहे. किंवा तिला भरुचला सासरीच पाठवते तीन दिवस."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची ती नजर मला अजून जशीच्या तशी आठवते. रागावलेली नव्हती.

"अवंते, तुझी पोर ओली बाळंतीण आहे. तिला शेकशेगडी, तेल, कडकडीत पाणी, सगळं रोज मिळालं पाहिजे. बाळंतिणीचं पाणी तोडायचं नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माझं तोडा."

त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली, शिंकल्या, आणि विषय संपल्यासारख्या उठल्या.

त्या संध्याकाळीच त्यांनी घराचा ताबा घेतला. नवं वॉशिंग मशीन मी मोठ्या कौतुकाने घेतलं होतं. त्यावर चादर टाकून त्यांनी फुलांच्या परड्या ठेवल्या. गौरी उठेपर्यंत पाहुण्यांचा एक रुमालही धुवायचा नाही. संडासात फिनाईलच्या बाटल्या रिकाम्या करायच्या नाहीत. हे ह्यांनी सांगितलं, कारण त्याने टँकमधले घाण पचवणारे जंतू मरतात. आत्या म्हणाल्या, "म्हणजे विरजणच मारायचं." स्वयंपाकघराच्या मोरीला बोळा लावला. तांदळाचं धुवण, भाज्यांचं पाणी, सगळं बादलीत आणि मग केळीच्या बुंध्याशी. जेवायला ताटं नाहीत, पत्रावळी. तळणीचं तेल गाळून डब्यात, खरकटं पुसून गाईच्या टोपलीत, आणि भांडी अंगणात राखेने घासून दोन घमेल्यांत विसळायची. शॉवर बंद. अंघोळी एका मागोमाग एक नाहीत. कुणी सकाळी, कुणी दुपारी, कुणी दिवेलागणीला, आणि प्रत्येकाला एकच बादली.

दुसऱ्या दिवशी प्रतापराव आणि माझ्या जाऊबाई मोहनाताई इंदूरहून आले. प्रतापराव वकील. आल्या आल्या त्यांना एका बादलीचा नियम ऐकवला तेव्हा ते सोफ्यावर बसून म्हणाले, "आत्या, लहानपणी तुला धक्का लागला म्हणून थंडीत मला विहिरीवर नागडा उभा केला होतास. तेव्हा कुठे गेली होती ही एक बादली?"

"तेव्हा घाण तुझ्या अंगावर होती. आता जमिनीखाली आहे."

"मग या वर्षी तुला धक्का लागला तर?"

"लावून बघ."

प्रतापराव हसले, पण पाय जवळ घेऊन बसले.

मला वाटत होतं आत्या निदान स्वतःची सकाळची सोवळ्याची अंघोळ तरी आमच्याकडे करतील. गौरी आवाहनाच्या दिवशी पाहते तर त्या पिळाचं लुगडं आणि तांब्या घेऊन फाटकाबाहेर निघालेल्या. समोरच्या बंगल्यात कांचनबेन आणि त्यांचे यजमान दोघंच राहत, मुलं अमेरिकेत. त्यांच्या खाळकुव्यावर तसा भारच नसे. कांचनबेननी मला कितीदा सांगितलं होतं, "बेन, महेमान आवे त्यारे अमारे त्यां मोकलो ने, बाथरूम खालीज छे." त्यांचं बाथरूम रिकामं असूनही मी पाहुण्यांना कधी तिकडे पाठवलं नाही. आमचे पाहुणे दुसऱ्यांकडे अंघोळीला पाठवायचे, हे मला कमीपणाचं वाटे. आणि सोवळ्याची बाई परक्या घरातल्या नळाखाली न्हाऊन, रस्ता ओलांडून, देवघरात येणार, ही तर आमच्या घराण्यात कल्पनाच नव्हती.

कांचनबेन फाटकाशी धावत आल्या. "आवो बा, आवो! अमारुं घर पवित्र थयुं."

"पवित्र कसलं," आत्या त्यांच्या बडोदेकरी भाषेत म्हणाल्या, "फक्त नहावाचं आहे. पण परत जाताना तुमच्या कुत्र्याला जरा बांधून ठेवा, बेन. धक्का तो लावेल आणि वकील मला हसेल."

ओलं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घेऊन, चिखल चुकवत त्या रस्ता ओलांडून परत आल्या. सोसायटीतली माणसं बघत होती. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्यामागून तासाभराने प्रतापराव मुकाट्याने टॉवेल घेऊन निघाले, मग मोहनाताई, मग बाकीचे. आत्या गेल्या नसत्या तर यांतलं एकही माणूस हललं नसतं, आणि मी तर त्यांना सांगूच शकले नसते.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. स्वयंपाकघरात आत्या, मी आणि पुरण. मोहनाताई सोवळ्यात नव्हत्या. उंबऱ्याबाहेर बसून पत्रावळी पुसत होत्या. सोळा भाज्यांतली शेवटची उतरवायला आत्या उठल्या, फरशीवर तुपाचा थेंब पडला होता, पाय सरकला. मोहनाताईंनी कसलाही विचार न करता आत झेप घेतली आणि त्यांना दोन्ही हातांनी धरलं.

आत्या पडल्या नाहीत. पण मोहनाताईंचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी हात काढून घेतले आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मी पोळपाटावरचा हात थांबवला. बाहेर प्रतापरावांना आतलं दिसत होतं. सगळा नैवेद्य व्हायचा होता. आता आत्यांनी डोळे मिटले असते, पाणी काढा म्हटलं असतं, तर त्यांनी आणि मी न्हायचं, लुगडी खळबळायची. कांचनबेनकडे जायला त्या पावसात वेळ नव्हता. म्हणजे आमचीच मोरी, आमचाच खाळकुवा, खिडकीखालची टाकी.

आत्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. मग त्या सावकाश चालत गौरींसमोर गेल्या, कलशातलं पाणी बोटांनी डोळ्यांना लावलं, माझ्या अंगावर शिंपडलं, आणि शेगडीपाशी परत आल्या.

"मोहना," त्या म्हणाल्या, "धरलंस म्हणून वाचले गं. नाहीतर आज गौरींऐवजी मलाच पोचवायला लागलं असतं तुम्हाला."

झारा उचलण्याआधी त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले, आणि पुन्हा एकदा पुसले. सगळं आयुष्य जपलेली गोष्ट त्यांनी माझ्या लेकीसाठी बाजूला ठेवली होती, आणि ते त्यांना सोपं गेलं नव्हतं. सोपं गेल्याचं सोंगही त्यांनी आणलं नाही. नैवेद्य दाखवताना मात्र त्या गौरींकडे एकटक बघत होत्या, एखाद्या मैत्रिणीला आधी सांगून ठेवावं तसं.

पंगती उठल्यावर मी छत्री घेऊन मागे गेले. पावसाचं पाणी अंगणातून वाहत होतं, पण फरशांच्या फटींत पावसाशिवाय दुसरं काही नव्हतं. काळं पाणी वर आलेलं नव्हतं, वास नव्हता. मी वाकून वाकून पाहिलं. हे मागून आले, त्यांनीही पाहिलं. "बसलाय गाळ," ते म्हणाले. खिडकीच्या आत अस्मिता बाळाला पाजत होती. ओव्याच्या धुरीचा वास बाहेर येत होता. तिला सकाळी कडकडीत पाण्याने न्हाऊ घातलं होतं, रोजच्यासारखं. मी छत्रीखाली उभी राहून रडले. ह्यांना वाटलं मला कसला तरी त्रास होतोय.

दुसऱ्या दिवशी गौरी गेल्या, मग पाहुणे गेले. आत्या मात्र मी आग्रह केला म्हणून अस्मिताचा सव्वा महिना होईपर्यंत राहिल्या. त्यांचं सोवळं काही सुटलं नाही. पाणीगेटला गेल्यावर ते पूर्वीसारखंच चालू राहिलं, हे मला नंतर कळलं. पण आमच्या घरी, ड्रेनेजची लाईन येईपर्यंतच्या सगळ्या गौरींना, त्या सकाळी तांब्या घेऊन कांचनबेनकडे जात, आणि धक्का लागला की कलशातलं पाणी डोळ्यांना लावत. पुढे लाईन आली, आत्या गेल्या. त्यांच्याबद्दल कुणी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज सगळे झोपल्यावर वाटलं, मी तरी लिहाव्यात. माझी मुलगी धडधाकट आहे, सोहम आता माझ्यापेक्षा उंच झालाय, आणि अशा गोष्टी आपोआप होत नाहीत.

सव्वा महिना भरला त्या दिवशी अस्मिताला बाहेर काढून पाण्याची पूजा करायची होती. आत्यांच्या लहानपणी ती विहिरीवर होई. सोसायटीत विहीर कुठली? आत्या म्हणाल्या, "पाणी प्यायचं तिथेच पूजायचं." म्हणून त्या जमिनीतल्या टाकीच्या झाकणावर मी हळद-कुंकू वाहिलं, अस्मिताने पाच खडे मांडले, दिवा लावला. आत्या विधवा म्हणून बाजूला उभ्या होत्या. मी त्यांना हाताला धरून पुढे आणलं, त्या आल्या. टाकीतून तांब्याभर पाणी काढून त्यांनी उन्हात धरून बघितलं. नितळ होतं. बाळंतिणीने त्यातला घोट घ्यायचा असतो.

अस्मिताने ओंजळ पुढे केली, आणि माझ्याकडे बघत तशीच थांबली.

"थांब," आत्या तिला म्हणाल्या आणि तांब्या माझ्या हातात दिला. "तुझी आई आधी उकळून आणेल."

मी खरोखरच स्वयंपाकघराकडे निघाले. पाठीमागे त्या दोघी इतक्या मोठ्याने हसायला लागल्या, की सोहम जागा झाला.